मऊ टोकाचं काडतूस

"वैजे, यातलं मऊ कुठलं गं?"

मामंजींनी हाक मारली तेव्हा मी खळ्यावरून येऊन उंबऱ्याला नुसती टेकले होते. नाचणीची मळणी चालू होती. अंगभर कूस, डोळ्यांत धूळ, कंबर धरलेली. तांब्या उचलून पाणी प्यायचंही जिवावर आलं होतं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ओसरीवर पोतं अंथरून त्यावर काडतुसं मांडली होती आणि एकेकाच्या टोकावरून अंगठा फिरवत बसले होते.

"त्यात मऊ न्हाई मामंजी. ती समदी कडक टोकाची. मऊ एकच हाय, देवघरात."

"व्हय की. देवघरातलं," ते म्हणाले. "आण ते."

तेवढं ऐकलं आणि आत चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या आत्तीचा हात थांबला. आत्ती म्हणजे माझी सासू.

"ते देवाचं हाय," ती आतूनच म्हणाली. "त्याला हात लावायचा न्हाई."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. दोघंही गेली. रायफल पोलीस ठाण्यात जमा झाली, ती कुठल्या कोपऱ्यात गंजत असेल कुणास ठाऊक. त्या सकाळचं मी कुणाला बोलले नाही. लपवायचं होतं असं नाही, पण बसून सांगायला आणि बसून ऐकायला आमच्याकडं रिकामं कोण होतं?

आमचं गाव आजऱ्याच्या पुढं, डोंगराला चिकटून. खाली ओढ्याकाठी ऊस, वर नाचणी आणि भुईमूग, आणि पेरायचं आम्ही, जेवायचं डुकरांनी, असा सगळा कारभार. त्या साली कळपातून फुटलेला एक नर उतरला होता. एकटा नर वाईट. त्यानं भुईमूग उकरला तोवर लोकांनी शिव्या देऊन भागवलं. पण दिवाळीच्या तोंडावर त्यानं शेजारच्या तुका नाईकाची मांडी फाडली. तुका गडहिंग्लजला दवाखान्यात पडला होता आणि त्याचा पाय राहतो का जातो हे डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. मग गावानं फॉरेस्टच्या कचेरीत खेटे घातले, तेव्हा कुठं डुक्कर मारायची परवानगी मिळाली. ती मिळाली दोन दिवसांची, आणि त्यातला एक दिवस कागद गावात पोचायलाच गेला.

डुक्कर ओढ्याकाठच्या उसात बसलं होतं. ठरलं ते असं: एका अंगानं गावानं हाकारा घालायचा, डबे, ताशे वाजवत, ओरडत डुक्कर पुढं रेटायचं, आणि दुसऱ्या अंगाला बांधावर मामंजींनी रायफल घेऊन बसायचं. गावात रायफल ही एकच, पीक राखायच्या परवान्यावरची. मामंजी फौजेतून हवालदार होऊन आलेले, त्यामुळं दुसरा कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. आणि हाकाऱ्याच्या सगळ्यांत पुढं आमचे हे. परसू म्हणजे माझा नवरा. जोखमीचं काम निघालं की घरात हजार कामं पडलेली असू देत, यांचा पाय आधी बाहेर.

"एवढी कडक हायत की मामंजी," मी म्हणाले. "एका डुकराला किती लागतील?"

"कडक गोळी डुकरातनं आरपार जाती. मागं कोण हाय ते ती बघत न्हाई," ते म्हणाले. "आन डुकराच्या मागं कोण असणार? हाकारा. परसू. मऊ गोळी आत गेली की फुटती, तिथंच ऱ्हाती."

"मग कोल्हापुरातनं नवी आणायची."

"दुकानाला दिवाळीचं कुलूप. परवाना आजच्यापुरता."

पायरीवर आप्पा चौगुले बसला होता. हाकाऱ्याची सगळी जुळणी त्याच्याकडं होती आणि चहा मिळेपर्यंत तो हलणार नव्हता. त्यानं आतल्या बाजूला तोंड करून आवाज दिला, "काकू, देवाचं काडतूस गावासाठी उडालं तर देवालाच पुण्य लागंल की. द्या आता, उगं आडंवेढं नका घेऊ."

आत्तीनं दुसरी भाकरी थापायला घेतली नाही.

ते काडतूस मी लग्न होऊन आले तेव्हापासून देवघरात होतं. देवांच्या टाकांशेजारी उलटं उभं करून ठेवलेलं, बूड वर. खंडेनवमीला बाकीची घरं कोयता, विळा, नांगराचा फाळ पूजेला मांडायची. आमच्याकडं त्याच्या जोडीला रायफल असायची आणि हे. आत्ती त्याच्या बुडाला, मधोमध जी बारकी गोल टोपी असते ना, घोडा जिथं आपटतो ती, तिच्यावर तेलाचा थेंब सोडायची आणि वर हळदकुंकू लावायची, एखाद्या सवाष्णीला लावावं तसं. नुसतं नवमीला नाही, दर अवसेला. हवालदारीण काडतुसाला न्हाऊ घालती, म्हणून शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायची, मनात.

हसायचं कारण असं, की त्या घरात मला पहिला धडा मिळाला होता तो हाच. मामंजींची बोटं थरथरायला लागली होती म्हणून रायफल पुसायचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं, आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "तेल बंदुकीला. काडतुसाला न्हाई. टोपीत तेल मुरलं की काडतूस मेलं म्हणून समज." आणि हाच माणूस दर नवमीला पाटावर हात जोडून बसायचा, बायको टोपीवर तेल सोडायची ते डोळ्यांनी बघायचा आणि चकार शब्द काढायचा नाही. मला वाटायचं, शत्रूपुढं उभा राहिलेला असला तरी देवापुढं आणि बायकोपुढं माणूस काय बोलणार. एकदा मीच धीर करून म्हणाले होते, "आत्ती, नुसतं कुंकू लावा, तेल नको." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तू तुझं बघ," म्हणाली. मग मी माझं बघितलं.

तर त्या सकाळी एक गोष्ट मला उघड दिसत होती. एवढी वर्षं तेल प्यालेलं ते काडतूस उडायचं नाही. मामंजी बांधावर बसणार, उसातून डुक्कर सुटणार, मामंजी चाप ओढणार आणि नुसता टक् असा आवाज होणार. नंतर काय होतं हे तुका नाईकाला विचारायचं. मी आत गेले. आत्तीला बिचारीला हे ठाऊक नसणार, तिच्या भक्तीला धक्का न लावता कसं सांगावं, असा विचार करतच गेले.

"आत्ती," मी हळूच म्हणाले, "मामंजींना सांगायला पायजे. ते काडतूस उडणार न्हाई. तुम्ही तेल घालता न्हवं, त्यानं..."

"ठावं हाय मला."

मला वाटलं मीच नीट ऐकलं नाही. "काय ठावं हाय?"

"ते उडणार न्हाई ते. उडू न्हाई म्हणूनच घालती मी."

तव्यावरची भाकरी फुगून आली होती. तिनं ती काढून टोपलीत टाकली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागली. आत्ती एकसलग एवढं बोललेली मी तेव्हाच ऐकली.

माझे थोरले दीर, जोती, माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. घाटात जीप उलटली, एवढंच मला ठाऊक. उरलेलं त्या दिवशी कळलं. जोतीला फौजेत जायचं नव्हतं. शेतात मन रमायचं त्याचं. मामंजी ऐकेनात. भरतीच्या आदल्या दिवशी बापलेकाचं वाजलं आणि मामंजी म्हणाले, भरती हो, न्हाईतर घरी येऊ नको. पोरगा पहाटे जीपमध्ये बसला आणि घरी आला नाही.

"दिवस घातलं," आत्ती म्हणाली. "ह्यांच्या तोंडातनं शब्द न्हाई. जेवायचं न्हाई, रडायचं न्हाई. मग एक दिस उठलं, कोल्हापूरला गेलं, आन सांजच्याला एक काडतूस घेऊन आलं. एक. शिकारीला कोण एक काडतूस आणतं गं? देवापुढं ठेवलं आन म्हणालं, ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. हे माझं हाय."

माझी नजर देवघराकडं गेली.

"बाकीची मी पेटीत घातली, किल्ली कमरंला लावली, लागतील तवा मीच काढून देती. त्यावर काय बोललं न्हाईत. पण हे लपवलं असतं तर दुसरं आणलं असतं. डोळ्याम्होरं पायजे हुतं त्यास्नी. मग नवमी आली. तेलाचा थेंब सोडला. त्यास्नी वाटू दे हाय म्हणून, आन ते नसू दे."

हे तिनं भाजीला मीठ किती घालायचं ते सांगावं तशा आवाजात सांगितलं. मला तिच्या कुंकवावर हसलेलं सगळं आठवलं आणि मान वर करवेना.

"आता तूच सांग त्यास्नी," ती म्हणाली. "त्ये घेऊन बांधावर बसू नका म्हणून सांग. मेलंय म्हण. पण मला ठावं हुतं त्ये सांगू नको. एवढी वर्सं बायको आपल्यावर पहारा करती, हे कुठल्या पुरुषाला सोसंल?"

झालं. त्या घरात अवघड ते सगळं शेवटी माझ्याच पदरात यायचं. खळ्यावर नाचणी पडलेली, म्हैस ओरडत होती, आणि मी देवघरातून काडतूस उचलून ओसरीकडं निघाले. कुंकवाचा थर त्याच्यावर बोटानं खरवडण्याइतका बसला होता. बाहेर आप्पा उठून माणसं गोळा करायला गेला होता. खाली ओढ्याच्या अंगाला ताशा तापवत होते, त्याचे एकदोन ठोके ऐकू येत होते.

"मामंजी," मी म्हणाले, "हे मेलंय. ह्याच्यात तेल मुरलंय. हे घेऊन जाऊ नका."

त्यांनी हात पुढं केला. मी काडतूस तळहातावर ठेवलं. त्यांनी ते चाचपलं, टोक बघितलं अंगठ्यानं, मग बूड.

"ठावं हाय," ते म्हणाले.

आज सगळ्यांनाच सगळं ठावं होतं, मी सोडून. मला एकदम खाली बसावंसं वाटलं, आणि मी बसलेच, त्यांच्यासमोर, पोत्यावर.

"ठावं हाय, मग मागितलं कशाला?"

"दारात काय दिसतंय तुला?"

"पेरू हाय. त्याच्याखाली म्हैस."

"मला हिरवं कायतरी दिसतंय. म्हैस तू म्हणालीस म्हणून हाय." त्यांनी काडतूस मुठीत धरलं. "वरीस झालं. आधी लांबचं गेलं, आता जवळचं बी. उसातनं डुक्कर आलं काय आन परसू आला काय, मला दोन्ही सारखीच. जितं काडतूस भरून मी त्या बांधावर बसू?"

आता मला उमगलं. मऊ टोकाचं, कडक टोकाचं हे सगळं आप्पासाठी होतं. त्यांना मेलेलंच काडतूस पाहिजे होतं. त्यानं माणूस मरणार नव्हता.

"आन डुक्कर अंगावर आलं म्हंजे?"

"आलं तर आलं."

एसटी चुकली तर चुकली, असं म्हणावं तसं ते म्हणाले. आणि माझं डोकं फिरलं. सासऱ्यापुढं मी कधी आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी चढला. इतकी दमले होते की भ्यायलाही अंगात काही शिल्लक नव्हतं.

"आलं तर आलं? आन मग आम्ही काय करायचं? तुमास्नी झोळीत घालून वर आणायचं? आत आत्ती बसल्यात. त्या बाईनं एक पोरगं पोचवलंय. आता तुमास्नी बी पोचवायचं, व्हय? का, तर गावाला डोळं गेलं म्हणून सांगायची लाज वाटती."

"हवालदार म्हणत्यात मला गावात."

"म्हणू देत की. हवालदार आंधळा झाला म्हणतील. दोन दिवस म्हणतील, मग आपापल्या कामाला लागतील. कुणाला एवढं पडलंय?"

त्यांनी मुठीतलं काडतूस फिरवलं. ओढ्याकडचा ताशा आता नीट लागला होता. मला वाटलं आता खेकसतील, नाहीतर उठून रायफल घेऊन चालायला लागतील, आणि मग काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. आत भांड्याचाही आवाज नव्हता. आत्ती ऐकत होती.

तेवढ्यात आप्पा आणि आमचे हे दोघं अंगणात आले. यांनी डोक्याला टॉवेल बांधला होता, हातात पत्र्याचा डबा. "चला दादा," हे बापाला म्हणाले. "माणसं लागली उसाला."

मामंजी उठले. खांबाचा आधार घेतला. "आप्पा," ते म्हणाले, "मी बसणार न्हाई. मला दिसत न्हाई."

"म्हंजे?" आप्पा म्हणाला.

"म्हंजे डोळं गेलं माझं. तू तिथं उभा हाईस, ते मला आवाजावरनं कळतंय."

आप्पाचं तोंड उघडं राहिलं. "अवो, मग आधी न्हाई का सांगायचं? सगळं गाव उसात घातलं मी."

"आत्ता सांगतोय न्हवं," मामंजी म्हणाले. "परसू, बांधाची बाजू मोकळी सोडा. नुसतं हाकला. कुणी आडवं जाऊ नका."

आमच्या यांनी बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. त्यांनी डबा खाली ठेवला, पायरी चढून बापाला हात धरून खाली बसवलं आणि डबा उचलून निघून गेले.

डुक्कर दुपारी निघालं. मोकळ्या बांधावरून उडी टाकून ओढा ओलांडला आणि वर रानात गेलं. कुणाला खरचटलंही नाही, उसाच्या पात्यांनी कापलं तेवढंच. गाव चिडलं. परवाना वाया गेला, हवालदारानं ऐनवेळी कच खाल्ली, असं चार दिवस पारावर चाललं. आठवड्यानं डुक्कर परत आलं आणि आमचाच भुईमूग उकरून गेलं. आम्ही पुन्हा डबे घेऊन रात्री जागायला लागलो. असं सगळं. त्यात मोठं काही नाही.

पण हाकाऱ्याच्या त्या दिवशी, टळत्या दुपारी, हे जेवून आडवे झाल्यावर, आत्ती मामंजींना वाढत होती. मी स्वयंपाकघराच्या दाराशी नाचणी पाखडायला बसले होते. मामंजींनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि मध्येच म्हणाले, "वैजी म्हणत हुती, काडतूस मेलंय."

"मला काय कळतं त्यातलं," आत्ती म्हणाली.

"कळतं तुला."

माझ्या हातातलं सूप थांबलं.

"पयल्या नवमीलाच मला कळलं," मामंजी म्हणाले. "माझ्याम्होरं तेल सोडलंस. जन्मभर तेच तर तुमास्नी सांगत आलो, तेल लावू नका म्हणून. मला कळणार न्हाई व्हय?"

आत्तीनं हातातली पळी आमटीत ठेवली. तिनं विचारलं, "मग दुसरं का न्हाई आणलं?"

"आणणार हुतो. दुकान काय लांब न्हवतं." त्यांनी घास चावला, गिळला. "पण तू एवढी बसून तेल सोडत हुतीस. हात कापत हुता तुझा. म्हटलं, हिची ही नवमी हुंदे. मग फुडली आली. मग त्याच्या फुडली."

मी सूप तोंडापुढं धरलं. आत्ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं वाकून त्यांच्या ताटात आमटी वाढली, ताट थोडं त्यांच्या हाताजवळ सरकवलं, आणि त्यांचं बोट धरून वाटीला लावून दाखवलं.

"जेवा," ती म्हणाली. "दही हितं हाय."